हिरडीला थांबायचं कळतं

आमच्याकडे येणाऱ्या हिरडीला नाव नसतं. अक्कलदाढ काढताना कापावा लागलेला, एरवी कचऱ्यात गेला असता असा इवलासा तुकडा थंड द्रावणाच्या नळीत येतो. वर फक्त सांकेतिक क्रमांक. देणाऱ्यानं संशोधनासाठी लेखी संमती दिलेली असते, पण तो कोण हे आम्हाला कधीच कळत नाही. इथे परदेशात पोस्टडॉक म्हणून रुजू झाले तेव्हा मायक्रोस्कोपला हात लावायच्या आधी मला हे संमतीचे नियम शिकवले गेले. ‘तिकडे नक्की करतेस तरी काय?’ असं विचारणाऱ्या सगळ्यांसाठी ही पोस्ट.

तुकडा बारीक चिरून प्लॅस्टिकच्या डिशमध्ये ठेवला की काही दिवसांत त्यातून चातीसारख्या निमुळत्या पेशी सरपटत बाहेर येतात. हे फायब्रोब्लास्ट, म्हणजे कोलॅजन बनवणाऱ्या पेशी. त्यांना ३७ अंश तापमान, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि वेळच्या वेळी ताजं मीडियम, म्हणजे पोषक द्रव, लागतं. रविवार वगैरे त्यांच्या गावी नसतो. डिशमध्ये सलग थर तयार झाला की पिपेटच्या टोकानं त्यात एक सरळ रेघ ओढायची. ही आमची जखम. मग दोन्ही काठांवरच्या पेशी ती रेघ कशी बुजवतात, याचे ठरावीक वेळानं फोटो घेत राहायचे.

तोंडातली जखम त्वचेवरच्या जखमेपेक्षा लवकर भरते आणि व्रणही फारसा राहत नाही. शस्त्रक्रियेत हिरडीचा भाग छाटला, तर १२ ते २४ तासांत काठावरच्या आवरणपेशी सरकू लागतात, दिवसाला साधारण अर्धा मिलिमीटर. ५ ते १४ दिवसांत पृष्ठभाग झाकला जातो. खालच्या ऊतीला मात्र सुमारे ७ आठवडे लागतात.

पेशींना ‘चला’ म्हणणाऱ्या संदेशांपैकी एक आहे ईजीएफ हा प्रथिन-रेणू. १९६२ मध्ये स्टॅनली कोहेन यांनी तो उंदराच्या लाळग्रंथींतून वेगळा काढला. तो टोचलेल्या नवजात पिलांचे डोळे वेळेआधीच उघडत. १९८६ मध्ये त्यांना रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांच्यासह नोबेल मिळालं. ईजीएफ आपल्या लाळेतही असतो. तो पेशीच्या रिसेप्टरला, म्हणजे संदेश पकडणाऱ्या प्रथिनाला, चिकटला की आत ईआरके आणि एकेटी ही प्रथिनं जागी होतात, आणि पेशी शेजारणीचा हात सोडून पुढे सरकते, विभागते.

पण माझा जीव अडकलाय तो टीजीएफ-बीटामध्ये. हाही एक संदेश-रेणू, ऊतीत कुलूपबंद साठवलेला असतो. जखम झाली की आवरणपेशींवरचं अल्फा-व्ही-बीटा-६ नावाचं इंटिग्रिन (पेशीला भोवतालाशी जोडणारं प्रथिन) ओढ देऊन त्याला मोकळं करतं. मग फायब्रोब्लास्टच्या आत स्मॅड-२ आणि स्मॅड-३ या निरोप्या प्रथिनांवर फॉस्फेट चढतं, ते स्मॅड-४ ला घेऊन केंद्रकात शिरतात आणि कोलॅजनची जनुकं सुरू होतात. काही फायब्रोब्लास्ट तर स्नायूसारखे तंतू तयार करून जखमेचे काठ ओढू लागतात. हे मायोफायब्रोब्लास्ट काम झाल्यावर मरायला हवेत. ते रेंगाळले की व्रण पडतो.

संदेश कसा वाढवायचा, हेच बहुतेक जण विचारतात. मला तो प्रश्न अर्धवट वाटतो. टीजीएफ-बीटा स्वतःच स्मॅड-७ तयार करायला लावतो, आणि हा स्मॅड-७ त्याचाच रिसेप्टर अडवतो. हुकमातच ब्रेकची सोय! २०१८ च्या एका अभ्यासात त्याच स्वयंसेवकांच्या तोंडातल्या आणि त्वचेवरच्या जखमांची तुलना झाली. तोंडातल्या आवरणपेशींत सॉक्स-२, पिटएक्स-१ यांसारखे जनुक-नियंत्रक जखम होण्याआधीपासूनच सक्रिय सापडले. तयारी आधीच असेल तर संदेश फार काळ चालू ठेवावा लागत नसणार, असा माझा त्यावरचा अर्थ. (आमच्या ग्रुप मीटिंगमध्ये यावर भांडणं होतात.)

हिरडीचं थांबणं कधी चुकतच नाही असं मात्र नाही. फिट्सवरचं फेनिटॉइन, प्रत्यारोपणानंतरचं सायक्लोस्पोरिन, रक्तदाबाचं निफेडिपिन ही औषधं घेणाऱ्या काहींच्या हिरड्या दातांवर चढेपर्यंत वाढतात. फेनिटॉइनच्या बाबतीत तर टीजीएफ-बीटाच्या हुकमानं बनणारा सीटीजीएफ हा आणखी एक संदेश-रेणू तिथे वाढलेला दिसतो.

मधुमेहात गणित वेगळंच बिघडतं. फॉक्सो-१ हे प्रथिन एरवी आवरणपेशींत टीजीएफ-बीटा-१ वाढवून त्यांना पुढे सरकायला मदत करतं. ग्लुकोज वाढलेलं असेल तर तेच प्रथिन दुसरी जनुकं चालू करून त्यांना अडवतं. म्हणून दातांचे डॉक्टर शस्त्रक्रियेआधी साखर विचारतात, त्याला उगाच चौकशी समजू नका.

दातांभोवतीच्या ऊतींसाठी बाजारात आलेली औषधं, अमेरिकेत २००५ मध्ये मान्यता मिळालेलं पीडीजीएफ आणि जपानमध्ये २०१६ मध्ये आलेलं एफजीएफ-२, दोन्ही पेशींना वाढीचा संदेश देणारे रेणूच आहेत, म्हणजे संदेश वाढवणारी. मला मात्र ब्रेक पाहायचाय, म्हणून सध्या मी जास्त ग्लुकोज असलेल्या मीडियममध्ये पेशी वाढवून रेघा ओढतेय आणि स्मॅड-७ कधी वर येतो ते तासातासानं मोजतेय.