काटे, मुरूम आणि काळी माती : खान्देशातल्या एमटीबी शर्यतीची तयारी

हौशी एमटीबी (माउंटन बाइक, म्हणजे डोंगरी सायकल) शर्यतीसाठी लोक दोन-दोन महिने चढ मारून पाय तयार करतात आणि टायर बघतात आदल्या रात्री. खान्देशात हा क्रम उलटा हवा. लळिंगच्या पायथ्याचा मुरूम असो की यावल-रावेरकडचे केळीच्या बागांमधले शेतरस्ते, इथे नवखा स्पर्धक मागे पडतो तो दम संपल्यामुळे कमी आणि काट्यामुळे जास्त.

काटे मुख्यतः दोन प्रकारचे. बाभळीचा काटा लांब, सरळ आणि वाळल्यावर खिळ्याइतका टणक. शेताच्या कुंपणासाठी फांद्या ओढत नेल्या की ते वाटभर गळतात. सराटा बुटका, पण कसाही पडला तरी त्याचं एक टोक वर असतंच. बाभूळ एक मोठं भोक पाडते, सराटे एका फेरीत दहा बारीक भोकं पाडतात. साध्या ट्यूबवर दोन्हींसमोर निभाव लागत नाही.

रिम ट्यूबलेस रेडी (ट्यूबशिवाय हवा धरण्यासाठी बनवलेली) असेल तर ट्यूबलेस कराच. रिम टेप रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा २ ते ४ मिमी रुंद घ्या, ताणून बसवा, टोकं व्हॉल्व्हच्या भोकावर एकमेकांवर आणू नका. २९ इंची, २.२ रुंदीच्या टायरला १०० ते १२० मिली सीलंट (भोकं आतून बुजवणारा द्रव) घाला. बाटलीवर कमी लिहिलेलं असेल, पण काट्यांच्या मुलखात ते पुरत नाही. आणि हे काम शर्यतीच्या किमान आठवडाभर आधी करा. नवं टायर कडेने थोडं झिरपतं, दोन-तीन फेऱ्यांनंतरच सीलंट सगळीकडे पसरून बसतं. इथल्या उन्हात सीलंट लवकर आटतं, त्यामुळे मार्चनंतर दर महिन्याला व्हॉल्व्हचा कोअर (आतला सुटा होणारा भाग) काढून आत पातळ केबल टाय बुडवून बघा. टाय कोरडा आला तर आत फक्त रबराची साल उरली आहे.

रिम तशी नसेल तर टेपा गुंडाळून घरगुती ट्यूबलेस करू नका. कमी हवेत, तिरप्या वळणावर टायरची कड सुटते आणि सगळी हवा एका दमात जाते. त्यापेक्षा कोअर निघणाऱ्या व्हॉल्व्हची ट्यूब घ्या आणि तिच्यातच सीलंट भरा. सराट्यांपुरतं ते चालतं.

शर्यतीत टायरमध्ये काटा दिसला आणि हवा जात नसेल तर त्याला हात लावू नका, तोच बूच आहे. फुसफुसत असेल तर उपटा, भोक खाली येईल असं चाक फिरवा आणि अर्धा मिनिट थांबा. भोक मोठं असेल तर प्लग (भोकात खुपसायची रबरी पट्टी). धुळे-नंदुरबारकडे भिंतींसारखे लांबच लांब डाइक (भेगांमध्ये थिजलेल्या लाव्हाचे खडक) उभे आहेत, त्यांच्या पायथ्याचे धारदार दगड टायरची बाजू चिरतात. तिथे सीलंटचं काही चालत नाही. जुन्या टायरचा बोटभर तुकडा जवळ ठेवा, चिरेच्या आतून लावा आणि ट्यूब टाका. ट्यूब टाकण्याआधी टायरच्या आतून हात फिरवून राहिलेले काटे काढा, नाहीतर नवी ट्यूब शंभर मीटरवर बसते.

हवा किती? ७० किलोच्या माणसाला ट्यूबलेसमध्ये पुढे २० ते २२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), मागे २३ ते २५. ट्यूब असेल तर पुढे २८, मागे ३० ते ३२, नाहीतर दगडावर रिम आपटून ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. डिसेंबरच्या पहाटे भरलेली हवा उन्हात वाढते, दर १० अंशाला सव्वा पीएसआयच्या आसपास. त्यामुळे शर्यतीला निघण्याआधी हवा सावलीत, नेहमीच्याच गेजने बघा.

मुरमावर कडक जमिनीवर सुटी खडी असते. ब्रेक वळणाच्या आधी संपवा, वळणात पुढचा ब्रेक धरला की पुढचं चाक गेलंच. बैलगाडीच्या चाकोरीत शिरलात तर त्याच चाकोरीत राहा. बदलायचीच असेल तर कड उथळ होते तिथे, शक्य तितकं काटकोनात. काळ्या मातीच्या भेगाही आडव्या ओलांडा.

अवकाळी पाऊस झाला तर मात्र शर्यतच वेगळी. काळी माती टायरला थरावर थर चिकटते, फोर्क आणि मागच्या दांड्यांमध्ये भरते, चाक फिरेनासं होतं. तशात जोर लावून पायडल मारलं की डिरेलर (गिअर बदलणारी यंत्रणा) ज्यावर लटकतो तो हँगर वाकतो किंवा तुटतो. उतरा, काठीने माती खरवडा, शक्य तिथे गवताच्या कडेने चला आणि सरळ सायकल खांद्यावर घ्या. चालणारा ओढणाऱ्याच्या पुढे जातो. अशा दिवशी २.१ रुंदीचं, दूर-दूर गुठळ्यांचं टायर बरं. हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, ऐनवेळी दुकानात मिळेल या भरवशावर राहू नका. एक सुटा कायम पिशवीत ठेवा.

चेनला इंजिन ऑइल घालणारे अजूनही भेटतात. त्यात फुफाटा मिसळला की कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्या) घासणारी पेस्टच तयार होते. कोरड्या हवेचं, मेणाचं ल्युब आदल्या रात्री प्रत्येक कडीला एक थेंब, आणि सकाळी बाहेरून कोरडं पुसून काढा.

पाणी तासाला ५०० ते ७५० मिली. एका बाटलीत ओआरएस, पाकिटावरच्या मापानेच, घट्ट केलं तर पोट बिघडतं. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात, मध्यम केळ्यात साधारण २५ असतात, आणि जळगावच्या माणसाला केळी काय शोधायची! आदल्या रात्री शेवभाजी आणि भरीत मात्र दुसऱ्यांना खाऊ द्या.

शेवटची गोष्ट व्हॉल्व्हची. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हमध्ये गावातल्या मोटरसायकलच्या पंक्चरवाल्याला हवा भरता येत नाही. पितळी अ‍ॅडॉप्टर काही रुपयांत मिळतो, तो व्हॉल्व्हवरच बसवून ठेवा. आणि त्याच्या कॉम्प्रेसरने भरताना अर्ध्या-अर्ध्या सेकंदाचे झटके द्यायला सांगा. सायकलचं टायर क्षणात ५० च्या वर जातं.