स्नायूच्या सिग्नलवर एक भरवशाचा क्लिक

मानेत मज्जारज्जूला इजा झाली, बोटं हलेनाशी झाली, तरी स्नायूपर्यंत काहीच पोचत नाही असं नसतं. वरून ढिम्म दिसणाऱ्या स्नायूतही थोडी मोटर युनिट्स (एक चेतापेशी आणि ती हलवते ते स्नायूतंतू) शाबूत असू शकतात. प्रयत्न केला की त्यांचा काही मायक्रोव्होल्टचा सिग्नल त्वचेवर मिळतो. या सिग्नलवर संगणकाला क्लिक देणारा स्विच बनवता येतो. पण सोल्डरिंग नंतर, आधी स्नायू शोधा.

इजा सी-५ पातळीवर (सी म्हणजे मान, आकडा वरून मोजलेला) असेल तर दंडाचा बायसेप्स बहुधा हाताशी असतो, सी-४ असेल तर खांदा उचलणारा ट्रॅपेझियस. त्याहून वर कपाळ आणि जबडा. जबड्याचा सिग्नल दणदणीत येतो, पण जेवताना आणि बोलताना तो उगाच क्लिक करत सुटतो. सी-६ मध्ये मनगट वर उचलणारा स्नायू मोहात पाडतो. तो घेऊ नका. मनगट वर केलं की बोटं आपोआप मिटतात, त्यावरच ही माणसं पेला धरतात. पेला उचलला की क्लिक, असा घोळ होईल. ज्या स्नायूला दिवसभर दुसरं काम कमी, तो आपला.

केस काढून त्वचा स्पिरिटने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. दोन जेल इलेक्ट्रोड स्नायूच्या फुगीर भागावर, तंतूंच्या दिशेने, मध्यापासून मध्यापर्यंत २ सेंटिमीटर अंतरावर. तिसरा, तुलनेसाठीचा इलेक्ट्रोड हाडावर, म्हणजे कोपर किंवा गळपट्टीच्या हाडावर. वायरी एकमेकींत पिळून घ्या. लोंबत्या वायरी ५० हर्ट्झची गुणगुण गोळा करतात.

कामाचा सिग्नल साधारण २० ते ४५० हर्ट्झमध्ये असतो, त्यामुळे सेकंदाला किमान १००० नमुने हवेत. साधा १०-बिट आर्डुइनो (छोटा प्रोग्रॅमेबल सर्किट बोर्ड) ५ व्होल्टवर ४.९ मिलिव्होल्टची एक पायरी मोजतो. १० मायक्रोव्होल्टचा सिग्नल १००० पट वाढवला तरी जेमतेम दोन पायऱ्या! धडधाकट हातावर मस्त चालणारं किट इथे मान टाकतं ते यामुळे. क्षीण सिग्नलला एडीएस१२९९ सारखी, शरीराचे सिग्नल मोजणारी २४-बिट चिप लागते.

पुढचं गणित सोपं आहे: सरासरी वजा करा, ऋण चिन्ह काढा, १५० मिलिसेकंदांची सरासरी घ्या. १० सेकंद विश्रांतीतली सरासरी अधिक तीन प्रमाण विचलनं ही खालची रेघ. पूर्ण जोर लावूनही सिग्नल या रेघेच्या दुप्पट जात नसेल तर जागा बदला, कोडशी झटापट नको. चालू व्हायची रेघ वर आणि बंद व्हायची खाली ठेवा, नाहीतर एका प्रयत्नात चार क्लिक पडतील.

खरी डोकेदुखी म्हणजे स्नायूचे झटके. त्यावर एक युक्ती: क्लिक सिग्नल चढताना नव्हे, उतरताना मोजा. ०.२ सेकंदांहून कमी टिकला तर खडखडाट, दीड सेकंदाहून जास्त टिकला तर झटका, दोन्ही रद्द. थोडा उशीर होतो, पण चुकीच्या क्लिकपेक्षा परवडतो. खांद्यावर मिनिटाला ६०-१०० नियमित टोके दिसली तर ते हृदयाचे ठोके आहेत. फिल्टरची तळची सीमा २० वरून ३० हर्ट्झवर न्या किंवा इलेक्ट्रोड छातीपासून दूर सरकवा.

सर्किट बॅटरीवरच चालवा, आणि चार्जर लावलेला असताना इलेक्ट्रोड अंगावर नकोत. ऑप्टोकपलरने (प्रकाशातून सिग्नल पुढे देणारा, विजेची थेट जोडणी नसलेला भाग) ३.५ मिमी मोनो जॅकचं सर्किट जोडा-तोडा: माणूस विजेपासून वेगळा राहतो आणि बाजारातला जवळपास कुठलाही स्विच इंटरफेस (स्विच संगणकाला जोडणारी डबी) चालतो. संवेदना गेलेल्या त्वचेवर जखम झाली तरी कळत नाही. रोज लाली तपासा, जागा थोडी सरकवा आणि इलेक्ट्रोड बदलला की रेघा नव्याने ठरवा.

एका क्लिकवर टाइप करायचं तर स्क्रीनवरचा चौकोन अक्षरांवरून आपोआप सरकत राहावा लागतो. त्याचा वेग ठरवायला प्रतिसादाचा वेळ ०.६५ ने भागा: ०.८ सेकंद लागत असतील तर चौकोन सुमारे १.२ सेकंद थांबला पाहिजे. संध्याकाळी, स्नायू दमल्यावर, हा वेळ पुन्हा मोजा.