फ्रा अँजेलिकोने सोनं कुठे लावलं आणि कुठे नाही

पंधराव्या शतकातली ती इटलीतल्या चर्चची चित्रं मी एवढी का बघत बसते असं ऑफिसमधली मैत्रीण परवा अंधेरी लोकलमध्ये विचारत होती, सगळीकडे तीच मेरी, तेच बाळ, डोक्यामागे तेच सोनेरी चक्र. तिला चर्चगेट येईपर्यंत जमेल तेवढं सांगितलं, बाकीचं इथे लिहिते.

आधी सोनं. या चित्रांत लाकडी फळीवर पांढरा लेप, त्यावर लाल मातीचा पातळ थर, तो जरा ओला करून वर सोन्याचा वर्ख, आणि सुकत आला की अकीकाने नाहीतर चक्क कुत्र्याच्या सुळ्याने घोटायचं, मगच ती झळाळी येते. मेरीच्या पदराचा निळा तर त्याहून नखरेल. त्याचा दगड, म्हणजे लाजवर्दी, येणार अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून (अजिंठ्यातही लाजवर्दी सापडलाय बरं का), त्याची पूड राळ आणि मेणात मळून गोळा करायचा, काही दिवस ठेवायचा, मग राखेच्या पाण्यात दाबत राहायचं, निळा खाली उतरतो. पहिला उतारा सगळ्यात महाग. १४८५ मध्ये घिर्लांदायो या चित्रकाराशी केलेल्या करारात निळा औंसाला साधारण ४ फ्लोरिनचा (फ्लॉरेन्सचं सोन्याचं नाणं) हवा असं सरळ लिहिलंय. म्हणजे देवाला काय वाहायचं ते रंगाच्या भावातच ठरायचं.

फ्रा अँजेलिको या त्याच काळातल्या चित्रकाराला हे सगळं येत होतं. तो स्वतः डॉमिनिकन या ख्रिस्ती पंथाचा साधू, हस्तलिखितांची पानंही रंगवलेला. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात त्याचं, तू येशूची आई होणार असा निरोप देवदूत मेरीला सांगतोय ते चित्र आहे ना, त्यातली डावीकडची बाग झूम करून बघा, एकेक पान, एकेक फूल वेगळं, हा पुस्तकाच्या पानावर बसलेला हात आहे असं मला दरवेळी वाटतं. आणि वर सोन्याचे किरण, निळा झगा, काही म्हणजे काही कमी नाही.

आता तोच प्रसंग त्याने फ्लॉरेन्सच्या सान मार्को मठात साधूंच्या खोल्यांमध्ये थेट भिंतीवर काढला, १४४० च्या आसपास. तिसऱ्या नंबरच्या खोलीत गुलाबी कपड्यातला देवदूत, छोट्या बाकड्यावर गुडघे टेकलेली मेरी, आणि मागे कोरी भिंत. बाग नाही, झाडं नाहीत, डोळे दिपवणारं काहीच नाही. कडेला त्याच पंथाचा हुतात्मा संत पीटर मार्टर, डोक्यावर जखम, हात जोडून उभा. ओल्या गिलाव्यावर तो लाजवर्दी नीट बसत नाही हे खरं, पण नुसतं तेवढंच कारण मला पटत नाही आणि पैशाचा तर प्रश्नच नव्हता, मठाचा खर्च फ्लॉरेन्सचा बडा सावकार कोसिमो दे मेदिची करत होता. प्रादोचं ते मूळचं चर्चच्या वेदीवरचं चित्र गावाने बघायचं, हे मात्र एकट्या साधूने, पहाटे उठल्या उठल्या, रोज, आयुष्यभर. त्याला नवं काही दाखवायचं नव्हतं, त्याचं मन स्थिर व्हायला हवं होतं. मला तर प्रादोच्या चित्रापेक्षा ही भिंत मोठी वाटते.

आणि असं रंगवलेलं हस्तलिखित मुंबईतही आहे हां, फोर्टच्या एशियाटिक सोसायटीत इटालियन कवी दान्तेच्या डिव्हाइन कॉमेडी या काव्याची जुनी प्रत आहे, मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टनने दिलेली. एरवी जपून ठेवलेली असते, पण कधी प्रदर्शनात मांडली तर ऑफिसला दांडी मारून जा.