तुम्ही विचारलंत म्हणून : सगळं कापणारं एकच ब्लेड कोणतं?

"एमएस (माइल्ड स्टील) कापतो, अधूनमधून एसएस (स्टेनलेस) येतं, कधी अॅल्युमिनियम. सगळ्याला चालेल असं एकच बँडसॉ ब्लेड (पट्ट्यासारखं फिरणाऱ्या करवतीचं पातं) सांगा." हे विचारलंत की माझा उलटा प्रश्न ठरलेला : माल भरीव आहे की पोकळ, आणि मापाला केवढा? धातूचं नाव त्यानंतर सांगा. दातांची निवड मालाच्या जाडीवर ठरते. धातूवरून ठरतो तो मुख्यतः स्पीड, फीड (ब्लेड मालात किती जोराने उतरवायचं ते) आणि ब्लेडचा दर्जा.

कापताना मालात एका वेळी किमान ३ दात हवेत, ६ ते १२ असले तर उत्तम, २४ च्या वर नकोत. टीपीआय म्हणजे एका इंचात किती दात. आता १०० मिमीचा भरीव राउंड घ्या, साधारण ४ इंच. त्याला ३/४ चं, म्हणजे ३ ते ४ टीपीआयचं, ब्लेड लावलं तर मध्यावर १२ ते १६ दात मालात असतात. १०/१४ लावलंत तर ४० ते ५६. दोन दातांमधली खाच इवलीशी, ती कीसाने भरते, पुढचा कीस मावत नाही आणि ब्लेड कापायचं सोडून घासत बसतं. उलट २५ मिमीच्या राउंडवर ३/४ लावलंत तर मध्यावरसुद्धा जेमतेम ३-४ दात, सुरुवातीला त्याहून कमी. तिथे दात अडकतो आणि तुटतो. २५ ला ८/१२, ५० ला ४/६ किंवा ५/८, १५० ला २/३ धरा. हे दोन आकडे असतात कारण दातांमधलं अंतर मुद्दाम कमीजास्त ठेवलेलं असतं. त्यामुळे ठोके एका तालात पडत नाहीत, कंप आणि किंचाळणं कमी होतं.

खरी गोची पाइपात. ५० x ५० चा चौकोनी पाइप, भिंत ३ मिमी. ब्लेड वरच्या भिंतीवर टेकतं तेव्हा कापाची लांबी ५० मिमी, ८/१२ चे १६ ते २४ दात लागतात, म्हणजे ठीक. ती भिंत संपली की उरतात दोन बाजूच्या भिंती, प्रत्येकी ३ मिमी, म्हणजे प्रत्येकीत एखादाच दात. ३ दातांचा नियम इथे पाळताच येत नाही. पाळायला २५ च्या वर टीपीआय लागेल आणि ते वरच्या भिंतीत गुदमरेल. म्हणून तडजोड : ८/१२ किंवा १०/१४, आणि वरची भिंत पार होताच फीड उतरवायचं. दात झडतात ते नेमके याच क्षणी, हात तसाच राहिला तर. अँगल (एल आकाराची पट्टी) असेल तर व्हाइसमध्ये कोपरा वर आणि दोन्ही पाय खाली, छपरासारखा धरा. एल सारखा ठेवलात तर ब्लेड आधी पातळ पायातून जातं आणि एकदम आडव्या पायावर आदळतं. पाइपांची जुडी बांधून कापत असाल तर टोकाला टॅक (वेल्डिंगचा छोटा टाका) मारून घ्या. एक पाइप जरी जागेवर फिरला तरी दातांची रांग गेलीच समजा.

आता धातू. साध्या कार्बन स्टीलच्या ब्लेडचे दात उष्णतेने लवकर मऊ पडतात. रोजच्या कामाला बायमेटल घ्या : पाठ लवचीक स्टीलची, दातांची धार हायस्पीड स्टीलची. एम४२ या हायस्पीड स्टीलमध्ये ८ टक्के कोबाल्ट असतं म्हणून ते तापूनही धार धरतं. एमएसला मिनिटाला ६० ते ८० मीटर, एसएस ३०४ ला २५ ते ४०.

एसएसच्या बाबतीत सगळ्यात जास्त चूक हळुवारपणाची होते. स्पीड कमी हवा हे बरोबर, पण सोबत फीडही नावापुरतं ठेवलं तर दात घुसत नाही, नुसता घासतो. घासलेला थर तिथल्या तिथे कडक होतो, मग पुढचा दात त्या कडक थरावर बोथट होतो. स्पीड कमी, फीड ठाम, पाण्यात कूलंट ८-१० टक्के आणि त्याची धार थेट कापात. मधेच थांबायचं नाही.

अॅल्युमिनियमला मोठे, पुढे झुकलेले दात आणि मशीन देईल तेवढा स्पीड. कीस दाताला चिकटतो, म्हणून मेण किंवा कूलंट सोडू नका. बीडाचं (कास्ट आयर्नचं) काम कोरडं, शून्य अंशाच्या, म्हणजे पुढे न झुकलेल्या, दाताने. कोल्हापूरकडच्या फौंड्रीतला माल असो वा कुठलाही, कास्टिंगच्या सालीत वाळू चिकटून असेल तर एम४२ सुद्धा हार मानतं. आधी शॉटब्लास्ट (छर्रे मारून साफसफाई), मग कटाई. कार्बाइडच्या (फार कडक पण ठिसूळ) दातांचा मोह मात्र जपून : गाइड (ब्लेड सरळ धरणारे आधार) ढिले असलेल्या जुन्या मशीनवर त्याचे टवके उडतात. पैसे गाइडवर घाला.

कीस बघत राहा. सुटा, गुंडाळलेला, चंदेरी असेल तर सगळं ठीक. पावडर पडते म्हणजे फीड कमी किंवा दात फार बारीक. बायमेटलवर जाड, निळसर कीस म्हणजे अति दाब. कीस झाडणारा तारेचा ब्रश झिजला की हे अंदाजही फसतात.

नवं ब्लेड पहिल्यांदा जुळवून घ्यावं लागतं. स्पीड नेहमीचा, फीड निम्मं, एसएसला त्याहून कमी. १०० मिमीचे ६-८ काप गेले की हळूहळू पूर्ण फीडवर या. हे न करता दाबलंत तर धारेची अतितीक्ष्ण टोकं पहिल्याच दिवशी तुटतात.

तर एकच ब्लेड? नाही. पाइप आणि अँगलसाठी ८/१२, भरीवसाठी ४/६, दोन्ही एम४२, आणि बदलायची पाच मिनिटं. ब्लेड अर्ध्या कापात गेलं तर नवं त्याच फटीत घालू नका. नव्या दातांचा फाक (दोन्ही बाजूंना वळवलेल्या दातांची रुंदी) मोठा असतो, जुन्या अरुंद फटीत ते अडकतं, आणि तुटलेला एखादा दात आत राहिला असेल तर नव्याचेही दात घेऊन जातो. माल उलटा करून समोरच्या बाजूने कापा, आणि जुन्या फटीशी पोहोचण्याआधी थांबून तो तुटका दात चिमट्याने काढा.