समुद्राजवळची जागा: अंतर नंतर, आधी उंची

समुद्राजवळची मोकळी जागा बघायला गेलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, पाणी किती लांब? विकणारा पावलं टाकून दाखवतो, तेही बहुधा ओहोटीला. म्हणून पहिली फेरी अमावास्या किंवा पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी, ऐन भरतीच्या वेळी मारा. पाणी उतरलं की काटक्या, शेवाळ, बाटल्या यांची एक रेघ मागे राहते. त्या रेघेवर खुंटी ठोका आणि तिथून जागेच्या सगळ्यात खोलगट कोपऱ्यापर्यंत लेव्हल घ्या, म्हणजे उंचीतला फरक मोजा. गवंड्याची पाणी भरलेली नळी अंदाजापुरती ठीक, पण सौदा करायचा तर सर्व्हेअर आणि त्याची ऑटो लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) हवी. सपाट किनाऱ्यावर ३०० मीटर आतली जागा रेघेपेक्षा जेमतेम अर्धा मीटर वर निघू शकते आणि ५० मीटरवरचं टेकाड पाच मीटर. वादळात समुद्र फुगतो तेव्हा टेकाडवाला निवांत झोपतो. मागे खाडी असेल तर तिकडचीही लेव्हल घ्या. पाणी पाठीमागूनही शिरतं.

किनारा सरकतोय का, ते वाळूच सांगते. उष्ण प्रदेशात पुळणीवर मर्यादवेल ऐसपैस पसरलेली असेल तर वाळू निदान सध्या तरी स्थिर आहे. उभी कापल्यासारखी कड आणि तिच्यातून लोंबणारी मुळं दिसली, तर समुद्र जमीन खातोय. जुनी उपग्रहचित्रं जरूर ताडून बघा, पण एकाच ऋतूतली. वादळी हंगामात वाळू समुद्रात जाते आणि शांत दिवसांत परत येते, त्यामुळे दोन वेगळ्या महिन्यांची चित्रं हमखास फसवतात. शेजाऱ्याने दगडी बंधारा घातला असेल तर त्याची टोकं बघा. लाटा तिथून वळून बाजूची जमीन पोखरतात, आणि ती बाजूची जमीन तुमची असते.

पाण्याचा हिशोब सर्वांत निर्दय. वाळूखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. भूजल समुद्रसपाटीपेक्षा १ मीटर वर असेल तर त्याखाली ढोबळमानाने ४० मीटर गोडं पाणी मिळतं. उलट उपशाने पातळी १ मीटर खाली गेली आणि तशीच राहिली, की खारं पाणी तितक्याच पटीने वर चढतं. म्हणून खोल बोअर मारणं हा इथे बहुधा मूर्खपणा. उथळ विहिरीतून थोडं थोडं उपसणं बरं. जवळच्या विहिरीचं पाणी कोरड्या हंगामाच्या शेवटी तपासा, पहिल्या बादलीवर जाऊ नका. दोन तास पंप चालवून दर वीस मिनिटांनी कंडक्टिव्हिटी मीटर बुडवा; पाण्यात क्षार जितके जास्त, तितका त्याचा आकडा मोठा. समुद्राचं पाणी ५०,००० मायक्रोसीमेन्सच्या आसपास दाखवतं. ८०० वर सुरू झालेला आकडा चढत चढत १,५०० वर गेला, तर त्या जागेला पाणी बाहेरून आणावं लागेल असं धरूनच भाव करा.

माती बघायला चारही कोपऱ्यांत आणि मध्ये, भूजल लागेपर्यंत खड्डे काढून घ्या. वाळूच्या खड्ड्यात उतरू नका, कडा क्षणात ढासळतात. विटांचे तुकडे, प्लास्टिक निघालं तर ती भरावाची जमीन. काळपट-निळसर चिखलाला सडक्या अंड्याचा वास आला तर तो उकरायच्या आधी तपासून घ्या. अशा काही चिखलांत हवा लागली की गंधकाम्ल तयार होतं आणि ते काँक्रीट खातं. भूजल अगदी वर असेल तर सेप्टिक टँक रिकामा केल्यावर होडीसारखा उचलला जातो, त्याला खाली जाड काँक्रीटचं वजन द्यावं लागतं.

आता क्षेत्रफळ. १०० बाय १०० मीटरचा तुकडा म्हणजे १ हेक्टर. समजा, नियमाने समुद्राकडची ३० मीटरची पट्टी बांधकामाला बंद आहे: उरले ७,००० चौरस मीटर. आतला ६ मीटर रुंद आणि ७० मीटर लांब रस्ता आणखी ४२० खातो. एकूण किंमतीला या ६,५८० ने भागा, खरा दर तो. दस्तात समुद्राकडची हद्द ‘भरतीरेषा’ एवढीच लिहिली असेल तर वकिलाला आधी तेच विचारा, कारण बऱ्याच देशांत रेषा हळूहळू आत सरकली की हद्दही तिच्यामागे सरकते. वाटेचा हक्क नोंदणीकृत हवा, तोंडी नको.

आणि परतताना शेजारच्या घरांच्या खिडक्यांचे गज, गेटच्या बिजागऱ्या किती गंजल्यात ते बघून या. त्यांना किती वर्षं झाली ते विचारलं की बांधकामाच्या खर्चाचा अंदाज तिथेच येतो.