कमरेभोवतीची टेप

गेल्या आठवड्यात ऑफिसच्या वार्षिक आरोग्य तपासणीत परिचारिकेने माझ्या बेंबीच्या रेषेत टेप धरली आणि शांतपणे आकडा लिहिला: 91. मी राहतो त्या जपानमध्ये पुरुषांच्या कमरेच्या घेरासाठी मर्यादा 85 सेंटिमीटर आहे, स्त्रियांसाठी 90. 2008 पासून 40 ते 74 वयाच्या लोकांसाठी ही ‘मेताबो’ (मेटाबॉलिक सिंड्रोम, म्हणजे चयापचयाच्या बिघाडाची) तपासणी चालते. कंबर वाढलेली आणि सोबत रक्तदाब, साखर किंवा चरबीही वाढलेली असेल, तर समुपदेशनाचे बोलावणे येते. मला ते आले. उंची न पाहता सर्व पुरुषांना एकच आकडा लावणे मला आजही पटत नाही.

खरी बोचली ती प्रश्नावलीतील एक ओळ: झोपण्यापूर्वीच्या दोन तासांत, आठवड्यातून तीन किंवा अधिक वेळा रात्रीचे जेवण होते का? होते. नऊला घरी पोहोचून मुलीचा अभ्यास घेईपर्यंत फोनची वेळ होते, कारण तिकडे भारतात, बाबांकडे, आठ वाजतात तेव्हा इथे साडेअकरा झालेले असतात, आणि बाबांच्या गोळ्या झाल्या का हे विचारल्याशिवाय मला घास गिळवत नाही.

चाळिशी गाठली तेव्हापासून माझ्या पगारातून ‘काइगो होकेन’चा, म्हणजे वृद्धांच्या शुश्रूषेसाठी 2000 साली सुरू झालेल्या विम्याचा, हप्ता कापला जातो. त्यातून इथल्या कुणाच्या तरी आईला अंघोळ घालायला मदतनीस येते. माझ्या बाबांना त्यातले काहीच मिळत नाही. आमच्याकडे विमा लागत नाही, मुले सांभाळतात, असे मी सहकाऱ्यांना अभिमानाने सांगत आलो. ती मुले म्हणजे माझी एकटी धाकटी बहीण, हे मात्र सांगायचे राहून जाई. मी पैसे पाठवतो, आणि पैशांवाचून औषधपाणी होत नाही, हेही तितकेच खरे आहे. पण नोकरी, दोन मुले, सासूबाई आणि अंथरुणाला खिळलेले बाबा हे सारे तिच्याच अंगावर आहे. तिने रक्तदाब शेवटचा कधी मोजला, असे परवा विचारले, तेव्हा ती म्हणाली, “दादा, दर महिन्याला बाबांना दाखवायला नेते की, माझा तेवढा राहूनच जातो.”

इथल्या कायद्याने आईवडिलांच्या शुश्रूषेसाठी एकूण 93 दिवसांची रजा तीन टप्प्यांत घेता येते, आणि त्या काळात रोजगार विम्यातून पगाराच्या 67 टक्के रक्कम मिळते. पहिल्या टप्प्याचा अर्ज मी काल दिला. मी पोहोचल्यावर पहिल्याच सोमवारी बाबांजवळ मी बसेन, आणि ती एकटी दवाखान्यात जाऊन स्वतःची तपासणी करून घेईल.