क्षेप तीन

विज्ञान दिनाच्या आठवड्यात चाळीसगावच्या एका महाविद्यालयात गणित आणि संगणकाची कार्यशाळा घेत होतो. पाटणादेवीचं पाटण गाव जवळच. पाटणच्या १२०७ सालच्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद आहे. तेव्हा उदाहरणही त्यांचंच घेतलं: अशी संख्या शोधा की तिच्या वर्गाला ६१ने गुणून १ मिळवला तर पुन्हा पूर्ण वर्ग यावा. ११५०च्या 'बीजगणिता'त हे उदाहरण आहे. फ्रेंच गणिती फर्मा यानेही १६५७ मध्ये हाच ६१, आणि सोबत १०९, आव्हान म्हणून दिला होता.

६१ची गंमत शेजाऱ्यांकडे पाहिलं की कळते. ६०साठी ४ आणि ३१वर काम भागतं, ६२साठी ८ आणि ६३वर. मधल्या ६१ला मात्र नऊ अंकी आणि दहा अंकी संख्या लागतात.

मुलांनी मोबाइलवरच जावास्क्रिप्टमध्ये प्रोग्राम लिहिले. पद्धत वितत अपूर्णांकांची: √६१चे जवळचे अपूर्णांक एकामागून एक काढायचे आणि प्रत्येक वेळी तपासायचं, 'अंशाचा वर्ग = ६१ × छेदाचा वर्ग + १' जुळतं का. जुळलं की थांबायचं. एका गटाचा प्रोग्राम विसाव्या अपूर्णांकावर थांबला. अंश ३३,५१,५९,६१२ आणि छेद ४,२९,१२,७९१. अटीची चाचणी 'खरी' आली होती. मी कोड वाचला, त्यात एकही चूक सापडली नाही. दुसऱ्या गटाचंही तेच उत्तर, त्यामुळे फळ्यावर लिहून टाकलं. ते मी तपासून लिहायला हवं होतं.

मागच्या बाकावरून एक मुलगा अहिराणीत म्हणाला, "सर, शेवटना आकडा जुळत नही."

बरोबर होतं त्याचं. अंशाच्या शेवटी २, म्हणजे वर्गाच्या शेवटी ४. छेदाच्या शेवटी १, त्याच्या वर्गाच्या शेवटीही १, ६१ने गुणून पुन्हा १, एक मिळवून २. चार आणि दोन समान कसे असतील? कागदावर पूर्ण गुणाकार करून वजाबाकी केली तर अंशाचा वर्ग छेदाच्या वर्गाच्या ६१ पटीपेक्षा १ने नव्हे, ३ने मोठा निघाला. भास्कराचार्यांच्या भाषेत क्षेप, म्हणजे वर मिळवायची संख्या, १ हवा होता, तो ३ होता.

मग संगणक 'खरं' का म्हणाला? जावास्क्रिप्टमधली साधी संख्या 'डबल' असते. तिच्यात नेमकेपणासाठी ५३ बिट. ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतची प्रत्येक पूर्ण संख्या तिला ठेवता येते. त्यापुढे फटी पडायला लागतात. आमचे वर्ग अठरा अंकी होते. तिथे डबलमध्ये मावणाऱ्या दोन शेजारच्या संख्यांत १६चं अंतर असतं. अंशाचा वर्ग १६च्या पटीत बसत होता, म्हणून तो जसाच्या तसा राहिला. ६१ पट त्याच्याहून ३ने कमी, ती गोल होऊन त्याच संख्येवर गेली. वर मिळवलेला १ तर त्या फटीत कुठेच पडला नाही. दोन्ही बाजू एकच झाल्या.

खरं उत्तर दोन पायऱ्या पुढे, बाविसाव्या अपूर्णांकावर आहे: छेद २२,६१,५३,९८० आणि अंश १,७६,६३,१९,०४९. तिथे फट ५१२ची. म्हणजे खऱ्या उत्तरावर चाचणी 'खरी' येते, आणि १ न मिळवताही 'खरी' येते! संगणकाच्या मते तिथे √६१ म्हणजे साधा अपूर्णांकच.

मुलांना वाटलं, डबल म्हणजे निव्वळ फसवणूक. तसं नाही. सूर्य आणि पृथ्वी यांच्यातलं सुमारे १५ कोटी किलोमीटरचं अंतर मीटरमध्ये डबलमध्ये लिहा; शेजारच्या दोन आकड्यांत ०.०३ मिलिमीटरचा फरक येतो. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत ग्रहांमधल्या प्रवासाच्या गणिताला π (पाय) या संख्येचे पंधरा दशांश पुरतात. यान कुठे आहे या प्रश्नाला 'जवळपास' हे उत्तर चालतं. वर्ग आहे की नाही, याला चालत नाही.

दुपारनंतर सगळे हाताने चक्रवाल, म्हणजे 'बीजगणिता'तली हे उदाहरण सोडवायची रीत, करायला बसले. ८चा वर्ग वजा ६१ = ३, इथून सुरुवात. क्षेप ३ आहे, म्हणून ८ + म ला ३ने भाग जाईल आणि म चा वर्ग ६१च्या जवळ राहील असा म घ्यायचा: ७. त्यातून ३९ आणि ५, क्षेप उणे ४. इथे बरीच मुलं चक्र पुढे फिरवत बसतात. उणे ४ आल्यावर ब्रह्मगुप्ताची भावना, म्हणजे दोन जोड्यांपासून नवी जोडी काढायची रीत, वापरली की काम उरकतं. दोन्ही मुळं निम्मी करून क्षेप उणे १ करायचा, मग स्वतःशीच भावना: १५२३ आणि १९५, दोन्हींचे निम्मे, क्षेप १. ही जोडी ३९ आणि ५च्या निम्म्या जोडीशी जोडली की २९७१८ आणि ३८०५, क्षेप उणे १. ती पुन्हा स्वतःशी जोडली की उत्तर. एक पान पुरलं.

"क्वांटम संगणकाला हे चुटकीसरशी येईल ना?" असंही एकीने विचारलं. संगणकशास्त्रज्ञ हॉलग्रेन यांनी २००२ मध्ये या समीकरणासाठी क्वांटम रीत दिली आहे, आणि आज माहीत असलेल्या साध्या रीतींपेक्षा ती फार वेगवान आहे. पण ती उत्तराचे अंक देत नाही. मोठ्या संख्यांसाठी ते अंक लिहायलाच जागा पुरणार नाही, म्हणून ती त्याचा लॉगॅरिदम देते. ६१साठी तो, म्हणजे 'अंश + छेद × √६१' याचा नैसर्गिक लॉगॅरिदम, सुमारे २१.९८५. एवढ्यावरून दहा अंकी संख्येचे पहिले तीनेक अंक हाती येतात, शेवटचा आकडा नाही.

कोडमध्ये दुरुस्ती एवढीच: सगळ्या संख्या 'बिगइंट' करायच्या, म्हणजे कितीही मोठी पूर्ण संख्या नेमकी राहते. सी भाषेत करणाऱ्यांना ६१पुरतं 'लाँग लाँग' (६४ बिटांची पूर्ण संख्या) चालतं, वर्ग एकोणीस अंकी आहे आणि जेमतेम मावतो. घरी करायला १०९ दिला आहे. त्याचं ज्येष्ठ मूळ, म्हणजे उत्तरातली मोठी संख्या, पंधरा अंकी, वर्ग एकोणतीस अंकी. 'लाँग लाँग' तिथे फुटतं.